राखणदाराच्या दातांची निगा

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, पेढ्यांचा इतिहास आणि दिवंगत बंधूंचे पुण्यस्मरण यांना स्थान असते. त्यांच्या पंक्तीस कुत्र्याच्या दातांवरील लेख बसलेला पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु आपल्या पेठेतील कित्येक वखारींची दारे रात्री कोण राखतो, याचा विचार केला म्हणजे हे नवल ओसरावे. जो मुका प्राणी आपला माल राखतो, त्याच्या तोंडात काय चालले आहे याची वास्तपुस्त आपण किती घेतो? आम्ही स्वतः ती घेतली नव्हती, आणि त्याचा भुर्दंड आमच्या कुत्र्याला सोसावा लागला. तो अनुभव आणि त्यातून शिकलेल्या चार गोष्टी बंधूंपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या बेळगावच्या वखारीवर मोती नावाचा कुत्रा आहे. तो लहान असता त्याला ब्रशची सवय लावावयास हवी होती. ते राहून गेले. पुढे तो चार वर्षांचा झाल्यावर त्याच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा आम्ही ब्रश आणला. ब्रश दिसताच मोती पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसे. एकदा तर तो गुरगुरलाही. ‘हट्टी आहे, दुसरे काय!’ असे म्हणून आम्ही ब्रश फळीवर ठेवून दिला. कोणीतरी सुचविले की, कुत्र्याला चघळावयास काही कठीण द्यावे म्हणजे दात आपोआप साफ होतात. हाड आमच्या घरात येणे शक्य नव्हते. म्हणून दुधापासून केलेली, हिमालयाकडची वाळवलेली छुर्पी आम्ही आणली. ती शाकाहारी, आणि कुत्र्यालाही अतिशय प्रिय. दोन्ही पक्षी समाधान झाले, असे आम्ही मानले.

2022 च्या पावसाळ्यात मोतीच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली. गांधीलमाशी चावली असेल, असे आमच्या दिवाणजींचे मत पडले. सूज चार दिवस उतरली नाही, तेव्हा आम्ही येथील एका अनुभवी पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी डोळा पाहिलाच नाही. ओठ वर उचलून त्यांनी वरची मोठी दाढ दाखविली. तिचा बाहेरचा पापुद्रा फळी फुटावी तसा उडालेला होता, आणि मुळाशी पू झाला होता.

“अहो, पण हा रोज व्यवस्थित जेवतो,” आम्ही म्हणालो.

“अण्णासाहेब, कुत्रा दात दुखतो म्हणून जेवण सोडत नाही. तो दुसऱ्या बाजूने चावतो आणि गप्प राहतो. तुम्ही ज्याला हट्ट म्हणालात, ते दुखणे होते.”

हे वाक्य आम्हांस फार लागले. मोतीला भूल देऊन ती तीन मुळांची दाढ काढावी लागली. आठवड्याभरात तो पुन्हा दारात येऊन बसला. पण त्याने किती महिने मुकाट्याने सोसले असेल, याचा हिशेब आजही आम्हांस मांडता येत नाही.

पशुवैद्यांनी नंतर आम्हांस जे समजावून सांगितले, ते असे. लहान पिलाला दुधाचे 28 दात असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून त्या जागी कायमचे 42 दात येतात : वर 20, खाली 22. माणसाप्रमाणे कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याचे दुखणे हिरड्यांचे. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट, जवळजवळ अदृश्य लेप बसू लागतो. तो बोटावरच्या फडक्यानेही निघतो. परंतु तो तसाच राहिला, तर लाळेतील क्षार त्यात मिसळून दोन-तीन दिवसांत त्याचे कठीण कीटण बनू लागते. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक क्षारधर्मी असल्याने हे काम त्याच्या तोंडात लवकर होते. एकदा कीटण बनले की ब्रशने ते निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली शिरतात, हिरडी सुजते, मागे सरते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुतेक कुत्र्यांत या विकाराची काहीतरी खूण दिसू लागते, आणि पामेरियनसारख्या लहान जातींत तो अधिक आढळतो.

व्यापाऱ्याला हे समजणे कठीण जाऊ नये. रोजकीर्द त्या त्या दिवशी लिहिली तर काम घटकाभराचे असते; महिनाभर तुंबली तर दिवाळीला डोळ्यांत पाणी येते. दातावरील लेप ही रोजकीर्द होय. ती रोजच्या रोज निकालात काढावी, एवढेच तत्त्व.

आता मुख्य प्रश्न. कुत्रा ब्रश घेऊच देत नसेल, तर काय करावे?

पहिली गोष्ट ही की, तो का घेऊ देत नाही हे आधी पाहावे. तोंडाला दुर्गंधी येणे, हिरडीतून रक्त येणे, एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, पंजाने तोंड खाजविणे, लाळ गळणे, डोळ्याखाली सूज येणे, यांपैकी एकही खूण दिसली तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यांस दाखवावे. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आणि असा कुत्रा पुढे जन्मभर तोंडाला हात लावू देत नाही.

तोंड निरोगी असेल, अथवा उपचार होऊन बरे झाले असेल, तर ब्रशऐवजी बोटाने आरंभ करावा. प्रथम काही दिवस फक्त गालावरून व ओठांवरून हात फिरवावा आणि लगेच आवडीचा लहानसा घास द्यावा. नंतर क्षणभर ओठ उचलावा. ते अंगवळणी पडल्यावर बोटाला मलमलीची पट्टी गुंडाळून, ती कोमट पाण्यात भिजवून, दोन-चार दातांवरून फिरवावी. जबडा उघडण्याची मुळीच गरज नाही. दातांची आतली बाजू जीभ बरीचशी पुसून काढते; कीटण जमते ते मुख्यतः बाहेरच्या, गालाकडील बाजूस, आणि विशेषतः वरच्या मोठ्या दाढांवर, कारण लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीचे तोंड तेथेच उघडते. तेवढी जागा पुसली तरी बरेच साधते. कुत्रा मान फिरवू लागला की त्या दिवशीचे काम तेथेच संपवावे. बळजबरी एकदा केली, तर महिन्याची कमाई एका दिवसात जाते.

कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या दंतलेपांना बहुधा कोंबडीची चव असते, म्हणून आपल्यापैकी कित्येकांस ते घरात आणणे रुचत नाही. त्यांनी चिंता करू नये. लेप निघतो तो मुख्यतः घर्षणाने. नुसत्या ओल्या फडक्यानेही काम होते. मात्र माणसाचे दंतमंजन कुत्र्याला कदापि लावू नये. त्याला चूळ भरता येत नाही. तो सारे गिळतो. काही दंतलेपांत व तोंड धुण्याच्या औषधांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो निरुपद्रवी आहे, पण कुत्र्याच्या रक्तातील साखर तो एकाएकी खाली आणतो आणि यकृतही निकामी करू शकतो.

जो कुत्रा फडकेही लावू देत नाही, त्याच्यासाठी इतर साधने आहेत. क्लोरहेक्सिडीन असलेले, खास प्राण्यांसाठी बनविलेले द्रावण वा लेप पशुवैद्यांच्या सल्ल्याने वापरता येतो. पाण्यात मिसळावयाची औषधे व समुद्रशैवालाची भुकटीही मिळते. दात साफ राखण्यासाठी मुद्दाम बनविलेल्या अन्नाचे मोठे दाणे दात रुतेपर्यंत फुटत नाहीत, म्हणून ते दाताला घासले जातात. नेहमीचे कोरडे अन्न मात्र दाताच्या टोकालाच फुटते आणि त्यामुळे फारशी सफाई होत नाही. चघळावयाच्या कांड्याही उपयोगी पडतात. त्यांत कातड्याच्या व जिलेटिनच्या जशा असतात, तशा वनस्पतिज स्टार्चच्याही असतात. वेष्टनावरील घटक वाचून मगच घ्याव्यात. अमेरिकेत 1997 साली स्थापन झालेली ‘वेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ ही संस्था अशा वस्तूंच्या चाचण्यांचे निष्कर्ष तपासून गुण दिसला तरच आपली मुद्रा देते. मालावरील छाप पाहून खरेदी करण्याची सवय आपणांस आहेच. येथेही ती कामी यावी. तथापि यांपैकी कोणतेही साधन रोजच्या पुसण्याची बरोबरी करीत नाही.

आता कठीण वस्तूंविषयी, कारण आमची चूक तेथेच झाली. हाड न दिल्यामुळे आपल्या घरच्या कुत्र्यांचे दात बिघडतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. हाड, शिंग, खूर, दगड आणि अतिशय कठीण छुर्पी या सर्वांनी दाढा फुटतात. शाकाहारी असणे ही एक गोष्ट आणि दाताला सोसणे ही दुसरी. आम्ही पहिलीच पाहिली. कसोटी सोपी आहे : अंगठ्याच्या नखाने जी वस्तू जराही दबत नाही, ती कुत्र्याला चघळावयास देऊ नये. लाकडाच्या काटक्याही नकोत. त्यांचे तुकडे टाळूत आडवे अडकतात. टेनिसच्या चेंडूवरील खरखरीत लोकरीने दात झिजतात. काकडीसारखी कुरकुरीत फळभाजी खुशाल द्यावी, पण तिने दात घासले जातात अशा भ्रमात राहू नये.

आणि शेवटी, जमलेले कीटण. भूल न देता, कुत्र्याला धरून ते खरवडून देणारे लोक आहेत. तसे केल्याने दात पांढरे दिसतात खरे. परंतु विकार असतो हिरडीखाली, आणि तेथपर्यंत जाग्या कुत्र्याच्या तोंडात कोणाचाही हात सुरक्षितपणे पोहोचत नाही. दुकानाची पाटी रंगवून आतली वाळवी जात नाही. रक्ततपासणी करून, रीतसर भूल देऊन, क्ष-किरणाने मुळे पाहून केलेली सफाई हीच खरी. खर्चाचे म्हणाल, तर मोतीच्या एका दाढेवर जे आम्हांस मोजावे लागले, त्यात मलमलीचे ठाण आले असते.

आता रोज सूर्यास्तापूर्वी मोतीचे जेवण झाले की आमचे दिवाणजी बोटाला फडके गुंडाळून पायरीवर बसतात. मोती ब्रश अजूनही घेत नाही. पण फडक्यासाठी ओठ उचलू देतो, डाव्या बाजूस राजीखुशीने, उजव्या बाजूस थोडी मान वळवून. त्या बाजूची आठवण त्याला अजून आहे. त्याची ती मान वळली की आम्हांसही होते.

ज्याचे रक्षण आपण पत्करले, त्या जिवाला पोटभर घास दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नाही. तो घास त्याला न दुखता चावता येतो की नाही, हेही पाहावयास हवे. आज सायंकाळी वखार बंद करण्यापूर्वी प्रत्येक बंधूने आपल्या राखणदाराचा ओठ एकवार हळूच वर उचलून पाहावा, एवढी नम्र विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.