बोरघाटातील रेल्वेच्या जुन्या फोटोंत मजूर का दिसत नाहीत?

पुण्यात रेल्वे आली १८५८ मध्ये, पण मुंबईहून सलग नव्हे. पुण्याची गाडी खंडाळ्याला संपायची. तिथून प्रवासी पालखीत बसून किंवा पायी घाट उतरायचे आणि खोपोलीला पुढची गाडी धरायचे. बोरघाटातून रूळ जायला १८६३ उजाडले.

या कामाचे फोटो आज पाहायला मिळतात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. फोटोंचा अल्बमही तिच्याच नावाने ओळखला जातो. फोडलेला कातळ, दगडी पूल, बोगद्यांची तोंडे, सगळे लख्ख दिसते. माणसे मात्र मोजकीच. १८६१ मध्ये तर इथे ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते!

याचे एक कारण तेव्हाच्या तंत्रात आहे. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. त्यासाठी काळोखा तंबू डोंगरात सोबत न्यावा लागे. प्रकाश काचेवर काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला. घण मारणारा हात टिपला जाणे अवघडच. जे स्पष्ट दिसतात, ते बहुधा स्तब्ध उभे राहिलेले. पटकीने आणि अपघातांत हजारो मजूर दगावले, तेही या चौकटींत नाही.

असा फोटो हाती आला तर कडेचे धुरकट डाग जवळून पाहा. त्यातले काही डाग चालती माणसे असू शकतात.