१९२१ ची मुंबई आणि सर ससून डेव्हिड



मुंबईत वाढलेल्या आपल्या माणसांना डेव्हिड ससून हे नाव तोंडपाठ आहे. काळ्या घोड्याजवळची लायब्ररी, भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, दोन्हीकडे तेच नाव. पण सर ससून डेव्हिड कोण असं विचारलं, तर आमच्या वयाची मंडळीसुद्धा म्हणतात, "अगं, तेच ते." नाही हो, ते वेगळे! डेव्हिड ससून १८६४ साली वारले, तेव्हा हे अजून लहान होते. पुढे त्याच घराण्याचे जावई झाले.

हे बगदादी, आपण कोकणातले शनिवार तेली. बगदाद्यांनी आपल्याला बरीच वर्षं जरा लांबच ठेवलं, हे म्हाताऱ्यांना सांगायला नको. तरी माणूस कर्तबगार होता. कापूस आणि सुताचा व्यापार, चीनशी देवघेव, शिवाय गिरण्या. १९०६ साली ५० लाखांच्या भांडवलावर आणि ५० नोकरांवर बँक ऑफ इंडिया सुरू झाली, ती उभी करणाऱ्यांत ते प्रमुख होते. १९११ साली सरकारने त्यांना बॅरोनेट केलं.

१९२१-२२ साली ते मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. मुलांनो, तेव्हा 'मेयर' हा शब्द नव्हता, तो १९३१ पासून आला. अध्यक्षाला नगरसेवक दर वर्षी निवडत. मान मोठा, पण कारभार सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हातात, आणि पोलीस तर सरकारचेच. म्हणजे शहराचा पहिला नागरिक, पण एक शिपाईसुद्धा त्याच्या हुकमातला नाही.

आणि वर्ष कसलं मिळालं! पहिल्या महायुद्धानंतर सगळीकडेच महागाई आणि असंतोष. १९१८ च्या ऑगस्टमध्ये जपानात तांदळाच्या भावावरून दंगे पेटले, ते पार सेंदाईपर्यंत पोचले. आपल्याकडे गांधीजींचं असहकार आंदोलन चालू होतं. अशात १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज अपोलो बंदरावर उतरले. गेट वे ऑफ इंडिया अजून अर्धवट बांधलेला होता. काँग्रेसने हरताळ पुकारला होता. शहराच्या वतीने पाहुण्याचं स्वागत करण्याचा मान अध्यक्षाचा, आणि अध्यक्ष यहुदी.

त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली. स्वदेशी कापड खपलं तर फायदा मुंबईच्या गिरणीमालकांचा, म्हणजे ससून डेव्हिडांचाही. असा तो गुंता होता.

स्वागत पाहून परतणाऱ्यांवर जमाव धावून गेला. पारशी, ख्रिस्ती, यहुदी, जो गेला तो सरकारचा, असं धरून मारहाण झाली. ट्रामगाड्या फोडल्या, दारूची दुकानं जाळली. मग पारशी आणि अँग्लो-इंडियनही हत्यारं घेऊन उतरले. पोलिसांचा आणि लष्कराचा गोळीबार झाला. ५० हून जास्त माणसं मेली, जखमी चारशेच्या आसपास. आम्ही जन्मभर नर्सचं काम केलं, त्यामुळे असे आकडे वाचले की आधी जखमींकडे नजर जाते. त्या तीन-चार दिवसांत ही चारशे माणसं कुठल्या खाटांवर निजवली असतील?

गांधीजींना फार लागलं. १९ तारखेला त्यांनी उपास धरला, तो सगळ्या जमातींचे पुढारी जमल्यावर २२ ला सोडला. हिंदू-मुसलमानांची एकी मूठभर पारशी, ख्रिस्ती आणि यहुद्यांना धाक ठरली, असं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं. 'यहुदी' हा शब्द त्यांनी वगळला नाही, याचं आम्हांला आजही बरं वाटतं.

सर ससून डेव्हिडांनी स्वागत करायलाच नको होतं का? आमच्या मते, त्या खुर्चीवर बसल्यावर ते टाळता येण्यासारखं नव्हतं. बंगल्यातल्या माणसाला त्याची झळ कमी. रस्त्यावरून घरी पायी जाणाऱ्यांना जास्त. त्यात साधे कारकून होते, हौसेने मिरवणूक बघायला गेलेली बायकापोरं होती.

१९२२ साली त्यांना आणखी एक किताब मिळाला. १९२६ साली ते वारले. आपल्यातला माणूस मुंबईच्या त्या खुर्चीवर बसायला मात्र १९३७ साल उजाडावं लागलं. ते डॉ. एलिजा मोझेस. महालक्ष्मीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा.