माडीवरची आई

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजले होते. ऑफिसात टेबलावर फायलींचा ढीग, डोक्यावर गरम हवा फेकणारा पंखा, आणि फोन वाजला. आईला साड्या आणून देणारा दुकानातला मुलगा बोलत होता. "ताई, मावशी दार उघडेनात. आतून आवाज येतोय, पण लई बारीक."

रिक्षात बसले तेव्हा पर्स टेबलावरच राहिल्याचं लक्षात आलं.

माझी आई नवी पेठेत राहते. सोलापूरला लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुणालाही नवी पेठ सांगावी लागत नाही. समोर कापडाची दुकानं, आणि त्यांच्या पाठीमागच्या बोळात जुन्या वाड्यातली आईची माडी. चढायला सोळा लाकडी पायऱ्या. वडिलांची मिल बंद पडली तेव्हा आईनं शिवणयंत्र घेतलं आणि फॉल-पिकोची कामं सुरू केली. माझं बी.कॉम., भावाचा डिप्लोमा, दोघांची लग्नं, सगळं त्या मशीनवर झालं. आज ती ७४ वर्षांची आहे. दुकानांतून साड्या अजूनही येतात.

मी पोचेपर्यंत तो मुलगा शेजारच्या गच्चीवरून आत उतरला होता. आई मोरी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्याशी पडलेली. दोन तास! हाड मोडलं नव्हतं हे नशीब. मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? या पोराला त्या चार साड्या दे आधी, आज द्यायच्यात."

मला रडावं की हसावं कळेना.

डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली, ती आधी कुणीच केली नव्हती. आईचं ब्लडप्रेशर आडवं झोपवून मोजलं आणि मग उभं करून पुन्हा मोजलं. उभं राहिल्यावर ते धाडकन उतरत होतं. मग त्यांनी विचारलं, "आजी, पाणी किती पिता?" आई गप्प. मी उत्तर द्यायला गेले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. हळूहळू निघालं ते असं : संडास खाली अंगणात. रात्री सोळा पायऱ्या उतरायची भीती. म्हणून बाई दुपारी चारनंतर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या! त्यात सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिसाच्या वर. त्यात लघवी जास्त होण्याची गोळी. आणि वर कडी म्हणजे दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या, ज्यांच्यात औषध एकच. माझी आई रोज दुप्पट डोस घेत होती, आणि दर रविवारी डबा घेऊन जाणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. तुमच्या घरातल्या गोळ्यांचा डबा एकदा डॉक्टरांपुढे उलटा करा, मैत्रिणींनो. कागद नव्हे, डबाच न्या.

पुढचा प्रश्न औषधाचा नव्हता. आता हिला ठेवायचं कुठं?

भाऊ पुण्याहून आला. म्हणाला, "माडी विकू, आई माझ्याकडे येईल." वहिनीचा चेहरा मी पाहिला. तिलाही नोकरी आहे, दोष कसा देऊ? मीच आईला जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर आणलं. लिफ्ट, कमोड, खिडकीत कूलर, सगळं होतं. सकाळी नऊला आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी कॉलेजला, आणि आई टीव्हीसमोर. दार बाहेरून ओढून घ्यायचं, कारण तिला कुलूप जमेना. महिनाभरात बाई इतकी उतरली की बघवेना. आज वार कुठला, ते विचारायला लागली. एकदा संध्याकाळी येऊन बघते तर माझ्या कपाटातल्या साड्या काढून त्यांचे फॉल उसवत बसलेली. "पुन्हा लावते. हाताला काहीतरी हवं की गं." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला माझ्या मशीनपाशी नेऊन सोड. पडले तर तिथं पडेन."

माझंही काही बरं चाललं नव्हतं. किरकोळ रजा जूनमध्येच संपल्या. साहेब म्हणाले, "भाऊ नाही का तुम्हाला?" मी काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलंच. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी, दोन्ही. लग्न झालेली मुलगी वेगळी असं तो म्हणत नाही. मग जबाबदारी मुलीची आणि रजा मागताना भाऊ आठवायचा, हा कुठला न्याय? बालसंगोपनासाठी सरकारी नोकरीत बायकांना रजा आहे, ती हवीच. पण आईवडिलांसाठी? जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारनं राज्यसभेत सांगितलं की, केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा आईवडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते. म्हणजे आपलीच रजा आपणच वापरायची. असो.

जुलैमध्ये आई माडीवर परत गेली. पण अटींवर. माडीवरच खुर्चीचा कमोड आणला. "शी! स्वयंपाकघराजवळ?" म्हणून आठवडाभर तिनं त्यावर चादर टाकून ठेवली होती, मग रात्रीची गरज पडली आणि चादर आपोआप निघाली. मोरीच्या भिंतीला लोखंडी कठडा लावला. जिन्यात दिवा. दुसरी किल्ली शेजारच्या अक्कांकडे. दुकानातला मुलगा सकाळी दहाला साड्या आणतो, संध्याकाळी पाचला नेतो. त्यानं वर येऊन हाक मारायची आणि मला मिस्ड कॉल द्यायचा. त्या मिस्ड कॉलवर माझा दिवस चालतो! कागदपत्रांचं कामही त्याच महिन्यात उरकलं. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४पासून मिळतं, त्याचं कार्ड काढलं. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनच्या वर चिकटवला.

काठी मात्र ती घेईना. मी दोन आणल्या, दोन्ही दारामागे. एकदा चिडून विचारलं तेव्हा खरं कारण कळलं. "काठी दिसली की शेठ म्हणणार, मावशी थकली. मग साड्या दुसरीकडे. तुला पगार आहे, तुला नाही कळायचं."

तिला एका साडीमागे चाळीस रुपये मिळतात. त्यातून तिचं दूध, औषध आणि नातीच्या वाढदिवसाचं पाकीट निघतं. माझ्याकडून ती भाजीचेही पैसे घेत नाही.

आणि शेठना कळलेलं आहेच. दिवाळीच्या आधी त्यांनी मला दुकानात बोलावून एक साडी दाखवली. गडद निळ्या साडीला काळा फॉल. शेजारीच दुसरी, तिचा फॉल एका टोकाला दोन बोटं वर सरकलेला. "गिऱ्हाइकानं परत आणली. मावशींना काही बोललो नाही मी. पण ताई, लग्नसराईत असं झालं तर मला परवडायचं नाही." ते चांगले आहेत म्हणून मला बोलावलं. मी त्या साड्या पिशवीत घालून घरी आणल्या, रात्री बसून उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. माझ्या हाताला तिची सफाई नाही.

तिला सांगायचं की नाही? मी आठवडाभर घोळवलं. शेवटी निम्मंच सांगितलं. डोळे तपासून घेऊ म्हटलं. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. आता दुकानातूनच साडीला फॉल आणि रिळ जोडून येतं, रंग तिनं निवडायचा नाही. भारी साड्या येत नाहीत. आईनं एकदाच विचारलं, "हल्ली काठापदराच्या येत नाहीत गं?" मी म्हटलं, "सीझन मंदा आहे." तिनं माझ्याकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवायला लागली. मला वाटतं, तिला माहीत आहे.

जानेवारीत गड्डा भरला होता. एका दुपारी पाचचा मिस्ड कॉल आला नाही. सव्वापाच. मी फोन लावला, आई उचलेना. मुलाचा फोन बंद. अक्कांचा लागेना. ऑफिस सुटायच्या आधीच निघाले. माडीला बाहेरून कुलूप! बोळात मी वेड्यासारखी उभी. पावणेसहाला दोघी आल्या, आई आणि अक्का, होम मैदानावरून. आईच्या हातात लोणच्याची बरणी.

"सांगून जायचं नाही का?" मी ओरडलेच.

"तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?" ती म्हणाली. मग कडेवरची किल्ली काढत, "ऑफिस सोडून आलीस? साहेब बोलतील की तुला."

कठड्याला धरून ती एकेक पायरी चढत गेली. मी मागून. तिनं दार उघडलं, बरणी ओट्यावर ठेवली आणि दुसऱ्या हातातली वस्तू गुपचूप दारामागे टेकवली. काठीच्या रबराला गड्ड्याची माती लागलेली होती.

"बघतेस काय?" आई म्हणाली. "चहा टाक. आणि दिवा लाव तो, दोन साड्या राहिल्यात."