हरिश्चंद्र चिंतामण यांची कार्डे

पत्त्याच्या पानाहून किंचित लांब असा जाड पुठ्ठा. त्यावर चिकटवलेला पातळ, तपकिरी झाक असलेला फोटो: डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, एक हात टेबलावरच्या पुस्तकावर. पुठ्ठ्याच्या पाठीवर स्टुडिओचे नाव. १८६०च्या दशकात मुंबईत अशी कार्डे विकली जात. ज्या माणसाचे नाव लोकांनी फक्त ऐकले किंवा वाचले होते, त्याचा चेहरा या कार्डांमुळे घरात ठेवता येऊ लागला.

कार्डाची युक्ती पॅरिसची. आंद्रे दिस्देरी याने १८५४ मध्ये एकाच काचेवर आठ लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फोटोची किंमत एकदम खाली आली. सुमारे ५४ बाय ८९ मिलिमीटरचा फोटो ६४ बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा, असा आकारही ठरून गेला. फ्रेंच लोक त्याला ‘कार्त द व्हिझित’ म्हणत. १८६० मध्ये लंडनच्या जॉन मेयॉलने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी कार्डे विक्रीला काढली, आणि राजघराण्याचे चेहरे सामान्य घरांतल्या अल्बमांत जाऊन बसले. वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो छापता येत नव्हते. ते तंत्र शतकाच्या शेवटी रुळले. तोवर प्रसिद्ध माणसाचा चेहरा हवा असेल तर तो दुकानातून विकत आणावा लागे.

मुंबईत या कलेची पायाभरणी झपाट्याने झाली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गातला एक विद्यार्थी होता हरिश्चंद्र चिंतामण. पुढे त्यांनी मुंबईत काढलेला स्टुडिओ १८८१ पर्यंत चालला. देशी माणसाने चालवलेल्या सुरुवातीच्या स्टुडिओंत इतकी वर्षे टिकलेले फार थोडे.

एका कार्डामागे किती खटपट असे, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. काचेवर कलोडियनचा चिकट थर एकसारखा ओतायचा, काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. थर वाळला की काच वाया. मुंबईच्या उकाड्यात कलोडियनमधला ईथर भराभर उडून जाई, म्हणजे हाताशी वेळ आणखी कमी. समोर बसलेल्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावत. त्या काळचे चेहरे इतके करारी दिसतात त्याचे एक कारण हेच. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद काचेखाली ठेवून उन्हात छापायचा, सोन्याच्या क्षाराने त्याचा रंग पक्का करायचा, धुवायचा, कापायचा आणि खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचा. काच एकदा साधली की तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. धंद्याचे सारे गणित या प्रतींवर होते.

हरिश्चंद्र चिंतामण यांचा हातखंडा होता नामवंतांच्या फोटोंत. साहित्य, समाजकारण, व्यापार या क्षेत्रांतल्या मंडळींची त्यांनी काढलेली कार्डे दूरवर पसरली, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातही त्यांचे काम मांडले गेले. ते स्वतः याच वर्तुळातले होते. मुंबई आर्य समाजाचे ते अध्यक्ष झाले. १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत आले तेव्हा त्या दोघांच्या उतरण्याची सोयही हरिश्चंद्र चिंतामण यांनीच केली होती.

या कामाचे मोल समजण्यासाठी त्याच काळातली फोटोंची पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. विल्यम जॉन्सनचा मुंबईतल्या जातीजमातींचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत निघाला. त्यातल्या माणसांच्या आकृती वेगळ्या काढलेल्या मुंबईच्या दृश्यांवर बेमालूम बसवल्या होत्या. पाठोपाठ सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड आले. दोन्हींत माणसाखाली लिहिलेली असे मुख्यतः त्याची जात किंवा जमात. तो नमुना म्हणून उभा असे. कार्डावरचा माणूस मात्र नावाने ओळखला जाई आणि त्याच्या कर्तृत्वासाठी विकत घेतला जाई. गोऱ्या साहेबाचा कॅमेरा आपल्याला वर्गवारीत बसवत असताना एक देशी फोटोग्राफर ‘हा अमुक, याने हे केले’ असे सांगत होता. माझ्या मते हरिश्चंद्र चिंतामण यांचे खरे मोठेपण इथे आहे.

पुढचा रस्ता इथूनच फुटला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा उभी राहिली आणि शिळाछापाची चित्रे घरोघर गेली. १८८९ मध्ये सोराबजी जहांगीर यांचे ‘रिप्रेझेंटेटिव्ह मेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले, तेही चरित्रांसोबत फोटो घेऊन.

आज भिवंडी तालुक्यातल्या खारबावसारख्या गावांतही फुले, आंबेडकर यांचे चेहरे लहान मूल ओळखते. तिथल्या आगरी समाजात आपले नेते दि. बा. पाटील यांचा फोटो मानाने लावला जातो. आपल्या माणसाची तसबीर भिंतीवर असावी, ही सवय लावण्यात त्या छोट्या कार्डांचा वाटा मोठा आहे.

म्हणून घरातला जुना अल्बम भंगारात देण्याआधी एक काम करा. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवू नका. मागचा स्टुडिओचा छाप हा त्याचा जन्मदाखला आहे. लॅमिनेशनही करू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक चेहऱ्याचे नाव आणि गाव वेगळ्या कागदावर लिहा, आणि तो कागद अल्बमातच ठेवा. नाव हरवले की आपलाच माणूस पुन्हा नुसता नमुना होतो.