पाचोळा पेटवू नका, कुजवा!

डिसेंबर उजाडला की दवाखान्यातील बाकावर खोकणाऱ्यांची गर्दी वाढते. ‘थंडी बाधली’ हे निदान प्रत्येकाने घरूनच करून आणलेले असते. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या साडेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन आले. तीन आठवड्यांतली ही तिसरी खेप. मुलाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, रात्रभर झोप नव्हती. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत नाही, स्वयंपाक गॅसवर. पण मुलाच्या स्वेटरला धुराचा वास येत होता. विचारले तेव्हा आजोबा सहज म्हणाले, “अंगणातला पाचोळा पेटवतो रोज सकाळी. हा माझ्याजवळच शेकत बसतो.”

त्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नव्हता. आमच्या घरामागच्या आंब्याचा पाचोळा मीही कित्येक वर्षे असाच पेटवत आलो होतो. काडी लावली की दहा मिनिटांत अंगण स्वच्छ! पण कचरा नाहीसा होत नाही, तो फक्त अंगणातून छातीत जातो.

धूर वर का जात नाही?

निफाडकडचे द्राक्षबागायतदार हे उत्तम जाणतात. पारा फार खाली गेला की मणी तडकू नयेत म्हणून ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. त्यामुळे ऊब आणि धूर दोन्ही खालीच रेंगाळतात. बागेत हेच हवे असते. गल्लीत मात्र तोच धूर ऊन चढेपर्यंत नाकातोंडाच्या उंचीवर तरंगत राहतो. शाळेला निघालेली मुले आणि सकाळी फिरायला जाणारी वडीलधारी मंडळी नेमकी त्याच वेळी बाहेर असतात.

धुरात असते काय?

अर्धवट जळणाऱ्या ओलसर पाचोळ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. यांतील सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे दमा उसळतो, जुनाट खोकला बळावतो आणि हृदयविकार असणाऱ्यांना झटका येण्याचा धोका वाढतो. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून वजनाच्या मानाने त्यांच्या पोटी हा धूर अधिक जातो.

पाचोळ्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोल मिसळले की हा धूर आणखी विषारी होतो. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात आणि त्यांच्यामुळे कर्करोगाचा धोका वाढतो.

“पण धुराने डास पळतात ना?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पळतात, ते शेजाऱ्याकडे! आणि धूर विझला की परत येतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, कूलर व कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करणे आणि अंगणातल्या करवंट्या, जुने टायर उचलणे हा खरा उपाय.

मग पाचोळ्याचे करायचे काय?

कुजवायचा. एक जुने पिंप किंवा मोठी कुंडी घ्या. तळाला आणि बाजूंना भोके पाडा. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर पाचोळ्याचा चार बोटांचा थर द्या. थोडे आंबट ताक किंवा शेणाचे पाणी शिंपडा. मग रोजची भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि दर वेळी त्यावर ओंजळभर कोरडा पाचोळा पसरा. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. साधारण दोन ते तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारखा वास असलेले खत तयार होते.

दोन अडचणी हमखास येतात. वास सुटला, तर ओल जास्त झाली असे समजा आणि आणखी पाचोळा मिसळा. काहीच कुजत नसेल, तर पाणी शिंपडा. मूठ दाबली की पिळलेल्या फडक्याइतकी ओल हाताला लागावी, पाणी गळू नये. मासे-मटण, दूध आणि तेलकट पदार्थ टाकू नका, त्यांच्यामुळे घुशी-उंदीर येतात. आत अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या आपलेच काम करीत असतात. वरून पाचोळ्याचा जाड थर द्यावा. जागा नसेल, तर चार बिऱ्हाडांनी मिळून सोसायटीच्या कोपऱ्यात विटांचा हौद बांधावा.

ओला कचरा असा घरीच जिरला की घंटागाडीत द्यायला कोरडा कचराच उरतो. दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून वेगळ्या ठेवल्या तर भंगारवाला आनंदाने नेतो. बाजाराला जाताना कापडी पिशवी नेली तर मुळात कचराच कमी होतो. नाल्यात टाकलेली पिशवी नासर्डीतून शेवटी गोदावरीतच जाते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

कायदाही याच बाजूने आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घालून पाच हजार रुपये दंडाचा आदेश दिला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारण्याची गरज असलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचेही नाव आले. तरी शेजाऱ्याची तक्रार करण्याआधी त्याला एकदा खतासाठी पाचोळा मागून पाहा. आणि पहाटे रस्ता झाडणारी माणसे गारठून पाला पेटवताना दिसली, तर त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा गरम चहा द्या. त्या धुराचा पहिला घोट त्यांच्याच छातीत जात असतो.

त्या नातवाला औषधाचा पंप द्यावा लागला आणि तो अजूनही चालू आहे. धूर बंद केल्याने दमा बरा होत नाही, पण उसळण्याचे एक कारण मात्र टळते. त्या हिवाळ्यात पुन्हा त्याला रात्री-बेरात्री आणावे लागले नाही. आजोबांनी पिंप आणले आहे. आमच्या घरामागेही एक आहे. या आठवड्यात तुमच्या अंगणात पाचोळा साठेल, तेव्हा काडेपेटी घरातच राहू द्या.