सरसगडावरचे आभाळ

उपग्रहांद्वारे चाललेल्या हवामानाच्या संशोधनात शाळकरी मुलांना सामील करून घेणाऱ्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाविषयी लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा मी सुधागड तालुक्यातल्या पालीस होतो. आणि आषाढातल्या पालीत आभाळाखेरीज पाहण्यासारखे फार थोडे उरते, पुष्कळदा सरसगडाचा किल्लासुद्धा उरत नाही.

उपक्रमाचा दफ्तरी इतिहास थोडक्यात आटोपतो. १९९४ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांनी त्याची घोषणा केली, पुढल्या वर्षी काम सुरू झाले आणि २००० साली भारत त्यात दाखल झाला. मला खिळवून ठेवले ते या उपक्रमाशी जोडलेल्या 'सेरेस' नावाच्या यंत्राने. 'टेरा' (१९९९) आणि 'अ‍ॅक्वा' (२००२) या नासाच्या उपग्रहांवर बसविलेले हे यंत्र, सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून, पृथ्वीने परतविलेले ऊन आणि तिने स्वतः बाहेर टाकलेली उष्णता मोजून तिचा जमाखर्च मांडते. त्यातले सर्वांत गुंतागुंतीचे खाते ढगांचे. कारण खालचे दाट ढग ऊन परतवून पृथ्वीला निववितात, तर उंचावरचे विरळ तंतुमेघ ऊन आत येऊ देतात आणि उष्णता मात्र अडवून धरतात.

सेरेसच्या एका मोजणीत येणारा जमिनीवरचा ठिपका, थेट खाली पाहतानाही, सुमारे २० किलोमीटर व्यासाचा असतो. बल्लाळेश्वराचे देऊळ, सरसगड, उन्हेऱ्याची उष्ण कुंडे, सारे त्यात मावून जाते. शिवाय वरच्या ढगांचा पडदा दाट असला म्हणजे त्याखाली काय दडले आहे, हे उपग्रहास बहुधा उमगत नाही. शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलीला ते मान वर करताच दिसते. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या आगेमागे पंधरा मिनिटांत, आभाळाचा किती भाग झाकला आहे, ढग कोणत्या जातीचे व कोणत्या थरातले, त्यांतून ऊन झिरपते की नाही, एवढे तिने नोंदवायचे; मग ती नोंद नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात उपग्रहाच्या निरीक्षणाशी ताडून पाहिली जाते. खालचा थर दाट असला की वरचे काही तिला दिसत नाही, हे खरेच. पण दोघांचे अंधत्व असे परस्परपूरक असावे, हा मला या योजनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

अडचणी मात्र पालीत बसूनच नीट कळतात. जून ते सप्टेंबर रोज 'पूर्ण आच्छादित' लिहून मूल कंटाळते आणि कालची नोंद आज उतरवून काढण्याचा मोह बळावतो. हा मोह मुलांपुरताच असतो, असे सरकारी तक्ते भरणारा कोणीही म्हणणार नाही. वास्तविक मुसळधार पावसात वा धुक्यात आभाळच दिसेनासे झाले, तर ती 'आकाश दिसत नाही' अशी निराळी नोंद आहे, आणि हा भेद शिकविण्यास धीर लागतो. वळवाचे ढग सह्याद्रीवर चढतात तो मे महिना सुट्टीत जातो. टेरा सकाळी साडेदहाच्या आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास विषुववृत्त ओलांडीत, तो नेमही आता इंधनाच्या टंचाईमुळे सुटला आहे, म्हणून वेळापत्रक पुनःपुन्हा पाहावे लागते. आणि ते पाहणारे शिक्षक निवडणुका, सर्वेक्षणे व अहवाल यांत आधीच जुंपलेले असतात.

तेव्हा हा उपक्रम हाती घेऊ पाहणाऱ्या सुधागडच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच, की या नोंदींना गुण ठेवू नयेत, स्पर्धा लावू नये, आणि एखादा दिवस चुकला तर तो रकाना कोराच राहू द्यावा.