ग्रंथालयांची इर्जिक

शेतकऱ्याच्या मुलाला इर्जिक समजावून सांगावी लागत नाही. एका बैलजोडीने न आटोपणारी नांगरट गावच्या दहा जोड्या एका दिवसात उरकतात. ग्रंथालयांनीही हीच रीत पत्करली आहे.

संशोधनपर नियतकालिकांची वर्गणी तालुक्याच्या कॉलेजला एकट्याने झेपत नाही. म्हणून अनेक ग्रंथालयांच्या वतीने एकच संस्था प्रकाशकांशी बोलणी करते. आपल्या देशात गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हे काम करते. त्याच्या एन-लिस्ट योजनेमुळे २०१० पासून सभासद कॉलेजांना अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके व लाखावर ई-पुस्तके खुली झाली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शासकीय संस्थांसाठी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके!

छापील ग्रंथ एकाने नेला की दुसरा ताटकळतो. ई-पुस्तक मात्र अनेकांना वाचता येते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. संदर्भग्रंथ विकत घेणे आम्हाला परवडत नाही. पासवर्ड मिळाला, तर नांदुऱ्यात घरी बसून तोच ग्रंथ मोबाईलवर वाचता येतो.

यातले बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, ही आपली खरी अडचण. तरी इन्फ्लिबनेटच्याच 'शोधगंगा'त मराठी प्रबंधही आहेत, आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

विद्यार्थी मित्रहो, आपले कॉलेज सभासद आहे का, हे ग्रंथपालांना विचारा आणि पासवर्ड मागून घ्या. इर्जिकीने नांगरट होते. पेरणी ज्याची त्यालाच करावी लागते.